सामरीमागचा इंजिनिअर

भिलाईत इंजिनिअर या शब्दाला अजूनही मोठा मान आहे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि गाव त्या कारखान्याभोवती वाढत गेलं. नागपूर-विदर्भाकडून नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबं इथल्या सेक्टरांत रुजली. मुलगा आठवीत गेला की घरात आयआयटीच्या गोष्टी सुरू होतात, आणि २०१६ पासून तर आयआयटीच गावाच्या नावाने उभी राहिली. अशा गावात कुणी सांगितलं, की रुरकीहून सिव्हिल इंजिनिअर झालेला एक माणूस चांगली नोकरी बाजूला ठेवून हिंदी सिनेमात भूत झाला, रक्तपिपासू पिशाच्च झाला, आणि पुढे कितीतरी वर्षं त्या भूमिकांबद्दल मायेने बोलत राहिला, तर आईबापांच्या कपाळावर आठी उमटणारच. त्या माणसाचं नाव अनिरुद्ध अग्रवाल. जुन्या श्रेयनामावल्यांत ते अजय अग्रवाल म्हणून सापडतात. पण प्रेक्षकांना ही दोन्ही नावं ठाऊक नसतात, त्यांना ठाऊक असतो सामरी.

‘पुराना मंदिर’ १९८४ साली आला. तुळसी आणि श्याम या रामसे बंधूंचं दिग्दर्शन, मोहनीश बहल आणि आरती गुप्ता ही नायक-नायिकेची जोडी, शिवाय पुनीत इस्सर आणि आपले सदाशिव अमरापूरकर. गोष्ट साधी आहे. दोनशे वर्षांपूर्वी राजा हरिमानसिंगाने सामरी नावाच्या सैतानाचं मुंडकं उडवलं. मरता मरता सामरीने शाप दिला, की या घराण्यातली प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल. धड एकीकडे, शिर दुसरीकडे, आणि दोन्ही एकत्र येण्याची वाट बघत बसलेला शाप. पोस्टरवर नायक-नायिका होते, पण लोक गेले ते सामरीला पाहायला. पुढच्याच वर्षी त्याच्या नावाने त्रिमितीतला चित्रपट निघाला. हिंदी सिनेमात एखाद्या राक्षसाच्या नावावर तिकीट खपावं, असं त्याआधी क्वचितच घडलं असेल.

अग्रवाल या भूमिकेपर्यंत कसे पोहोचले, ती हकीकत त्यांनी मुलाखतींत सांगितली आहे. मुंबईत नोकरी करत होते, आजारपणामुळे रजेवर होते, आणि कुणीतरी सुचवलं की रामसे मंडळींना भेटा. सव्वासहा फुटांच्या आसपास उंची, रुंद जबडा, खोल डोळे. रामसेंना जो चेहरा रबर आणि रंग वापरून घडवावा लागला असता, तो समोर आयता उभा होता. नायकाच्या मित्राचं कामही ज्या चेहऱ्याला मिळालं नसतं, त्या चेहऱ्याला इथे अख्खा चित्रपट मिळाला. सामरीच्या आठवणी ते प्रेमाने का सांगतात, याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

रामसेंच्या कारखान्याबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत, कारण त्याची मुळं महाराष्ट्राच्या मातीत आहेत. फाळणीनंतर मुंबईत आलेल्या एफ. यू. रामसे यांचं रेडिओचं दुकान होतं आणि सात मुलगे होते. १९७० च्या ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’मध्ये पृथ्वीराज कपूर मुखवटा घालून संग्रहालय लुटतात असा एक प्रसंग होता. चित्रपट पडला, पण तेवढ्या प्रसंगाला थिएटरात लोक दचकत होते. मुलांनी ते हेरलं आणि वडिलांना सांगितलं, की आता नुसती भीतीच करू या. १९७२ चा ‘दो गज जमीन के नीचे’ महाबळेश्वरला चित्रित झाला. मोजकी माणसं, थोडका पैसा, मुक्काम सरकारी विश्रामगृहात, आणि स्वयंपाकापासून कपडेपटापर्यंत घरचीच मंडळी. पुढे मुरूडचा नवाबी राजवाडा त्यांच्या चित्रपटांत वारंवार दिसू लागला. कोकणच्या सहलीला गेलेला माणूस तो वाडा लांबून बघून आजही म्हणतो, अरे, हा तर रामसेंचा!

खरा रक्तपिपासू आला १९९० मध्ये, ‘बंद दरवाजा’त. काळी पहाडीवर राहणारा नेवला. काळा झगा, लाल डोळे, शवपेटीतली झोप, वटवाघळाचं रूप. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या ड्रॅक्युलाची ही सगळी सामग्री रामसेंनी उघड उघड उचलली आहे. पण त्यात त्यांनी जी भर घातली, ती या चित्रपटाची खरी करामत आहे, आणि तिच्याकडे आपल्या समीक्षकांनी फारसं लक्ष दिलेलं नाही. स्टोकरचा उमराव लंडनमध्ये घर विकत घ्यायला निघतो. नेवल्याला असलं काही करावं लागत नाही, माणसंच त्याच्या दारात येतात. मूल होत नाही म्हणून सासुरवासाने गांजलेली ठाकुराची बायको घरातल्या मोलकरणीच्या सल्ल्याने त्याच्या पायरीशी जाते. करार ठरतो: मुलगा झाला तर तुझा, मुलगी झाली तर माझी. मोलकरीण महुआ झाली आहे अरुणा इराणी आणि ठाकूर झाले आहेत कागलच्या घाटगे घराण्यातले विजयेंद्र घाटगे. हा करार ऐकताना आपल्याकडच्या कुणालाही नवस आठवेल. मूल मागायला बाबा-बुवांच्या पायरीशी गेलेल्या बायका, तिथे त्यांच्याकडून वसूल झालेली किंमत, आणि मुलगी झाली तर तिचं काय करायचं हा प्रश्न मनात आधीच सोडवलेलं घर. परदेशी पिशाच्चाला आपल्या गावात इतकी नेमकी जागा दुसऱ्या कुणी दिल्याचं दिसत नाही.

आणि अग्रवाल ती जागा भरून काढतात. नेवल्याच्या तोंडी संवाद फार थोडे आहेत. त्यामुळे जे काही सांगायचं ते मानेने, खांद्यांनी, चालीने. ते घाईने कधीच येत नाहीत. दारात उभे राहतात आणि चौकट लहान वाटू लागते. मान आधी वळते, धड मागून. समोरच्या माणसाकडे बघताना डोळ्यांत राग नसतो, एक प्रकारची सवय असते, वर्षानुवर्षं हेच करत आल्याची. भडक प्रकाश, धुराचे लोट, कर्कश पार्श्वसंगीत या सगळ्यातून ही शांतता टिकवणं सोपं नाही. ज्यांना ते फक्त अवाढव्य देहाचं काम वाटतं, त्यांनी ‘बँडिट क्वीन’ पुन्हा पाहावा. शेखर कपूर यांच्या १९९४ च्या त्या चित्रपटात डाकूंचा सरदार बाबू गुज्जर अग्रवाल यांनीच केला आहे. तिथे ना मुखवटा, ना लाल डोळे, आणि भीती तेवढीच, किंबहुना जास्त, कारण हे पिशाच्च माणूस आहे.

अशा नटाला पुढे काय मिळालं? एखाद-दोन दृश्यांची कामं, गुंडांच्या घोळक्यात मागची जागा, झी हॉरर शोमधलं छोट्या पडद्यावरचं भूतपण. पुरस्कार तर नाहीच. हिंदी सिनेमाच्या इतिहासात प्राण, अमजद खान, अमरीश पुरी यांच्यावर पानंच्या पानं आहेत आणि ती हवीतच. सामरीच्या वाट्याला बहुधा तळटीप येते, आणि तीही गमतीच्या सुरात. हा अन्याय आहे. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे, की भीती उभी करणं हे अभिनयातलं पहिल्या दर्जाचं काम आहे आणि ते करणाऱ्यांच्या आठवणी नीट, आदराने, वेळ निघून जाण्याआधी टिपून ठेवल्या पाहिजेत.

बाहेरच्या जगातही हिशेब फार वेगळा नाही. बेला लुगोसी हंगेरीच्या राष्ट्रीय रंगभूमीवरून अमेरिकेत आले, १९२७ मध्ये ब्रॉडवेवर ड्रॅक्युला झाले आणि १९३१ मध्ये पडद्यावर. पूर्ण लांबीच्या चित्रपटांत त्यांनी ड्रॅक्युलाची भूमिका त्यानंतर एकदाच केली, १९४८ मधल्या एका विनोदी चित्रपटात. तरी त्या झग्याने त्यांना सोडलं नाही. मोठी कामं आटली, व्यसन जडलं, पैसा संपला. १९५६ मध्ये ते गेले तेव्हा घरच्यांनी त्यांना ड्रॅक्युलाच्या वेशातच पुरलं. ऑस्करच्या नामांकनात त्यांचं नाव कधी आलं नाही. मात्र १९९४ च्या ‘एड वुड’मध्ये म्हातारे लुगोसी साकारणाऱ्या मार्टिन लँडाऊंना ऑस्कर मिळालं. १९२२ च्या ‘नोस्फेराटू’मधलं पिशाच्च झालेले माक्स श्रेक यांना पडद्यावर उभं करणारे विलेम डॅफो यांनाही पुढे नामांकन मिळालं. म्हणजे पिशाच्च झालेल्या नटाचं काम करणारा नट मोठा ठरला, आणि ज्याने मुळात पिशाच्च उभं केलं तो दाराबाहेरच राहिला. फ्रेडरिक मार्च यांना जेकिल-हाइडच्या दुहेरी भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं होतं हे खरं, पण तिथे निम्मा वेळ तरी सभ्य गृहस्थ पडद्यावर होता.

ख्रिस्तोफर ली यांचं प्रकरण वेगळं. १९५८ पासून १९७३ पर्यंत हॅमर या ब्रिटिश कंपनीसाठी ते सात वेळा ड्रॅक्युला झाले. १९६६ च्या चित्रपटात तर त्यांच्या तोंडी एकही वाक्य नाही. ली म्हणत, संवाद इतके वाईट होते की आपण ते बोलायला नकार दिला. लेखक म्हणत, आपण त्यांच्यासाठी संवाद लिहिलेच नव्हते. खरं काहीही असो, एकही शब्द न बोलता त्यांनी तो चित्रपट पेलला. या भूमिकेचा त्यांना कंटाळाही आला आणि तिने दिलेली ओळख त्यांनी नाकारलीही नाही. नटाचं आणि अशा भूमिकेचं नातं असंच असतं, लग्न टिकलेल्या जुन्या जोडप्यासारखं, तक्रारींसकट.

मराठीत हेच नातं बघायचं तर दिलीप प्रभावळकरांकडे बघावं. महेश कोठारेंच्या १९९३ च्या ‘झपाटलेला’तला तात्या विंचू काही रक्त पीत नाही, पण मरून पुन्हा येण्याच्या बाबतीत तो ड्रॅक्युलाच्याच वंशातला. गुंड तात्या मरताना मृत्युंजय मंत्राच्या बळावर बोलक्या बाहुल्यात शिरतो. बाहुला रामदास पाध्यांचा, आणि समोर लक्ष्मीकांत बेर्डे. प्रभावळकर माणसाच्या रूपात पडद्यावर थोडाच वेळ आहेत, पण त्या थोड्या वेळात उभा केलेला खुनशी माणूस नंतरच्या प्रत्येक दृश्यात बाहुल्याच्या आत जाणवत राहतो. याच नटाने पुढे ‘लगे रहो मुन्नाभाई’त गांधीजी केले आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. तात्या विंचू आणि महात्मा गांधी एकाच देहात मावले. मराठी प्रेक्षकाने दोघांवरही प्रेम केलं आणि त्यातल्या एकाची दुसऱ्याला लाज वाटू दिली नाही. हिंदीने अग्रवालांच्या बाबतीत हा मोठेपणा दाखवला असता, तर बाबू गुज्जरनंतर त्यांच्याकडे कसल्या कसल्या भूमिका आल्या असत्या.

मराठी माणसाला हे जमतं याला कारण आहे. आपल्या भूतांना आपण घरात जागा दिलेली आहे. सिंधुदुर्गातल्या आरवलीला वेतोबा ग्रामदैवत आहे. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त त्याला मोठ्ठ्या चामडी वहाणा वाहतात. गोव्यातही वेताळाची देवळं आहेत. कोकणच्या दशावतारात आधी संकासूर येतो, लोकांना हसवतो, आणि मग देव येतात. ‘मुंज्या’ करणारे आदित्य सरपोतदार २०२५ मध्ये ‘थामा’त वेताळाला घेऊन आले आणि आयुष्मान खुराना व नवाजुद्दीन सिद्दीकी यांच्यासारख्या मोठ्या नटांनी ती कामं मिरवली. अग्रवालांच्या काळी हे शक्य नव्हतं. नायकाने सुळे लावले तर त्याचं करिअर संपेल असं मानणारा तो काळ होता.

पण हे सगळं सांगताना भिलाईतल्या माणसाला फार लांब जायची गरज नाही. रक्त पिणाऱ्याची देशातली सर्वांत थरारक भूमिका या गावाच्या परिसरात घडली आहे, आणि ती एका बाईने घडवली आहे.

तीजनबाई भिलाईजवळच्या गनियारी गावच्या, पारधी समाजातल्या. आजोबा ब्रिजलाल गात ते ऐकून महाभारत पाठ झालं. तेरा वर्षांच्या असताना दुर्गजवळच्या चंद्रखुरीत त्यांनी पहिल्यांदा महाभारत गाऊन सांगणारी पंडवानी सादर केली, आणि तीही कापालिक शैलीत, म्हणजे उभं राहून, फिरत, अभिनय करत. बायकांनी गायचं तर बसून, वेदमती शैलीत, हा तोवरचा रिवाज होता. तो मोडल्याबद्दल समाजाने त्यांना बाहेर काढलं. हबीब तन्वीर यांनी त्यांचं मोल ओळखलं, श्याम बेनेगल यांनी ‘भारत एक खोज’मध्ये त्यांना देशासमोर आणलं, भिलाई पोलाद कारखान्याने नोकरी दिली, आणि २०१९ मध्ये पद्मविभूषणही मिळालं.

त्यांचा दुःशासनवध ज्यांनी पाहिला आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. हातात एकच तंबुरा. तोच भीमाची गदा होतो, तोच द्रौपदीचे मोकळे केस. साथीला बसलेला रागी हुंकार भरत राहतो, हार्मोनियम-तबल्याचा वेग वाढतो, आणि भीम दुःशासनाची छाती फोडून रक्त पितो. रंगभूषा नाही, दिव्यांची किमया नाही, लाल रंगाचा एक थेंब नाही. समोर साडीतली, पान खाऊन लाल झालेल्या ओठांची एक बाई असते, आणि पहिल्या रांगेतली पोरं आईच्या मागे दडतात. मग पुढच्याच क्षणी त्या हसतात, ठेका बदलतात, आणि गोष्ट पुढे जाते. इथे रक्त पिणारा खलपुरुष नाही. तो कथेचा नायक आहे, त्याचा शब्द खरा करतो आहे, आणि तरी अंगावर काटा येतोच. वीर आणि राक्षस यांच्यातलं अंतर इतकं थोडं असू शकतं, हे नेवल्याच्या शवपेटीपेक्षा या तंबुऱ्याने जास्त स्पष्ट दाखवलं.

तीजनबाईंना मान मिळाला आणि अग्रवालांना नाही, यात कलेच्या उंचीचा फरक आहे हे मान्य करायला हवं. पन्नास वर्षांची साधना आणि मोजके चित्रपट यांची तुलना होत नाही. तरीही कामाचा पाया एकच आहे. दोघांनीही शब्दांच्या पलीकडे जाऊन देहाने भीती उभी केली. एकीकडे तो अभिनय आहे असं आपण बिनदिक्कत म्हणतो. दुसरीकडे म्हणताना का अडखळतो?

या कौतुकाला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो छत्तीसगडमध्ये तर टाळताच येत नाही. इथे कुणा बाईला टोनही, म्हणजे चेटकीण, ठरवून तिचा छळ होतो, मारहाण होते, जीवही जातो. त्यासाठी राज्याला २००५ मध्ये टोनही प्रताडना निवारण कायदा करावा लागला. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा यायला २०१३ साल उजाडलं, आणि त्याची किंमत डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या प्राणांनी मोजली गेली. अशा प्रदेशात भुताखेतांचे सिनेमे कशाला, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न झटकून टाकता येणार नाही. त्याहून बोचरी गोष्ट म्हणजे रामसेंच्या चित्रपटांत वेगळा दिसणारा चेहरा म्हणजे दुष्टपणा, हे समीकरण ठाम आहे. गावात टोनही ठरवतानाही बऱ्याचदा असंच काहीतरी घडतं. एकटी, म्हातारी, वेगळी दिसणारी बाई पहिल्यांदा सापडते.

या आक्षेपाचं उत्तर सामरी झालेला माणूसच देऊ शकतो. म्हणून तर त्याच्या आठवणी महत्त्वाच्या. पडद्यावरच्या भयाण चेहऱ्यामागे सिव्हिल इंजिनिअर आहे, घरी बायको-मुलं आहेत, मुलाखतीत तो हसून बोलतो, हे ज्या मुलाला कळलं, त्याच्या मनातली चेहऱ्याची भीती कमी होते. मेकअपमन रबर कसं चिकटवतो, डोळ्यांतली लाली कशी येते, वटवाघूळ तारेवरून कसं सोडतात, हे एकदा पाहिलेला पोरगा भोंदूबाबाच्या हातचलाखीकडेही बारकाईने बघायला शिकतो. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते चमत्कार करून दाखवतात आणि मग त्यामागची युक्ती उघड करतात. भयपटातल्या नटाच्या आठवणींनाही तेच काम जमतं.

मग हे कुणी करायचं? पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून चित्रपट सांभाळतं आहे. त्यांच्या कपाटांत रामसेंच्या चित्रपटांच्या चांगल्या प्रती असाव्यात आणि त्यांच्या शेजारी त्या नटांच्या, छायालेखकांच्या, रंगभूषाकारांच्या सविस्तर मुलाखतीही असाव्यात. तुळसी रामसे २०१८ मध्ये गेले, श्याम रामसे २०१९ मध्ये. त्या काळचे बहुतेक कलाकार-तंत्रज्ञ आता सत्तरी ओलांडलेले आहेत. ‘पुराना मंदिर’ने पैसा मिळवला तो लहान गावांतल्या टॉकीजमधून, आणि त्या टॉकीज एकामागून एक पाडल्या जात आहेत. प्रोजेक्टर चालवणारे, पोस्टर रंगवणारे, मध्यरात्रीच्या खेळानंतर प्रेक्षकांना धीर देत बाहेर सोडणारे डोअरकीपर यांच्याकडेही या चित्रपटांचा इतिहास आहे.

भिलाईपुरतं बोलायचं तर सिव्हिक सेंटरचं कला मंदिर आहे, सेक्टर एकमधलं नेहरू सांस्कृतिक सदन आहे, गणेशोत्सवात नाटक बसवणारी मराठी मंडळं आहेत. एका संध्याकाळी आधी पंडवानीतला दुःशासनवध आणि नंतर ‘बंद दरवाजा’, मधल्या वेळात एखादा जाणता मेकअपमन विद्यार्थ्यांसमोर बसून अर्ध्या तासात एका साध्या चेहऱ्याचं पिशाच्च करून दाखवतो, असा कार्यक्रम इथे सहज होऊ शकतो. आयआयटीच्या मुलांना तर मुद्दाम बोलवावं. त्यांच्यातला एखादा उंच, हाडकुळा, आरशात बघून खट्टू होणारा मुलगा त्या रात्री प्रेक्षकांत असेल, तर त्याला अनिरुद्ध अग्रवाल कुठल्या शाखेचे पदवीधर होते हे आवर्जून सांगावं.